‘पोचले’चा फोन

पत्र असं आहे, थोडं कापून:

“ताई, मी ३६ वर्षांची. घर म्हापशाजवळ, नोकरी पणजीत, खासगी कचेरीत हिशेबाचं काम. गेल्या जूनमध्ये स्कूटरवरून मांडवीच्या पुलावर होते. पाऊस, पुढे-मागे गाड्या अडकलेल्या, शेजारी ट्रक. अचानक छातीत धडधडायला लागलं, हातांना मुंग्या आल्या, वाटलं, आता इथेच मरणार. कशीबशी पलीकडे गेले आणि डॉक्टर गाठला. ईसीजी चांगला आला. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. पुढे पुलावर आणखी दोनदा तसंच झालं. आता मी बेतीहून फेरीबोटीने जाते. रोज उशीर, रोज बोलणी. हल्ली लिफ्टमध्ये आणि बँकेच्या रांगेतही भीती वाटते. हातातल्या घड्याळात ठोके बघत बसते. नवऱ्याला रोज ‘पोचले’ म्हणून फोन करते. सासूबाईंनी देवळात प्रसाद लावून देवाचा कौल घेतला, राखणदाराचं, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाचं, काही राहिलंय असं निघालं, तेही करून झालं. आई म्हणते, तू शहाऐंशी साली पडलेल्या पुलाची धास्ती घेतलीस. तेव्हा तर माझा जन्मही नव्हता! मैत्रिणीने तिच्या आईची गोळी अर्धी मोडून दिली, ती घेतली की अर्ध्या तासात बरं वाटतं. बांबोळीला मानसोपचार संस्थेत जायची लाज वाटते, तिथे आमच्या ओळखीची बाई कामाला आहे. कधी कधी वाटतं, असं जगण्यापेक्षा... मला ‘तू’ म्हणा, तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या असाल.”

बाय,

‘तू’ म्हणा म्हणालीस, म्हणून तू म्हणते. पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा पुलासाठी, दुसऱ्यांदा त्या तीन टिंबांसाठी. ‘असं जगण्यापेक्षा’ लिहून तू टिंबं दिलीस आणि लगेच माझ्या वयावर घसरलीस. मी आधी टिंबांकडेच येते.

लोक हे विचारायला कचरतात. विचारलं तर नसता विचार डोक्यात भरवल्यासारखं होईल, असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. म्हणून सरळ विचारते: मरावंसं वाटतं का? कसं मरावं हेही मनात येऊन गेलंय का? उत्तर ‘हो’ असेल तर खालचं सगळं राहू दे. आज रात्रीच नवऱ्याजवळ बसून ते वाक्य पुरं कर, गोळ्यांची पट्टी त्याच्या ताब्यात दे, एकटी राहू नकोस आणि १४४१६ हा नंबर लाव. ही टेली मानस नावाची सरकारी सेवा, १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झालेली. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. उत्तर ‘नाही, नुसती दमलेय’ असं असेल, तरी नंबर फोनमध्ये घालून ठेव आणि पुढे वाच.

ईसीजी चांगला आला हे बरंच झालं. जोडीला थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासलेलं नसेल तर तपासून घे. थायरॉइड जास्त चालत असलं तरी अशीच धडधड, असाच घाम, अशीच थरथर होते, आणि मग आपण पुलाला दोष देत बसतो. ते नीट असेल तर तुझ्या वर्णनावरून हे पॅनिक अटॅक दिसतात. पक्कं निदान डॉक्टर समोर बसवून करतील, पत्रावरून मी ते करणार नाही. ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणणाऱ्यांना मात्र माझा एक जुना प्रश्न आहे. टेन्शन काय म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून पिशवीत घालून घेतो का आपण?

काळोखात पायवाटेवर दोरी दिसते आणि पाय आपोआप उचलला जातो. साप की दोरी हे ठरवायला शरीर थांबत नाही, आधी उडी मारतं आणि मग बघतं. ॲड्रेनालिन सुटतं, हृदय जोरात चालतं, श्वास भराभर होतो. धावून जीव वाचवायचा असेल तेव्हा हे सगळं कामाचं. पण तू स्कूटरवर बसलेली, शेजारी ट्रक, पुढे-मागे गाड्या, धावणार कुठे? भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यानेच बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. त्या मुंग्या आल्या की मन म्हणतं, ‘बघ, हार्टच!’, आणि ॲड्रेनालिन आणखी सुटतं. असा हा घाणा फिरतो. बहुतेक वेळा दहाएक मिनिटांत त्याचा कळस होतो आणि मग ओहोटी लागते. भोवळ येऊन पडू असं वाटत राहतं, पण भोवळ येते ती बहुधा रक्तदाब उतरला की, आणि या वेळी तो चढलेला असतो.

त्या क्षणी करायचं ते थोडकं आहे. नाकाने चार अंक मोजत श्वास आत, सहा अंक मोजत बाहेर, पोट हलतंय ना हे बघत. बाहेर सोडायचा श्वास लांब हवा, आतला नव्हे. कागदी पिशवीत तोंड घालून श्वास घ्यायचं कुणी सांगेल, ते करू नकोस, ती पद्धत आता डॉक्टर सुचवत नाहीत.

आता पुलाकडे. आईचं बोलणं तू उडवून लावलंस, मी लावणार नाही. ५ जुलै १९८६ला मांडवीचा पूल पडला तेव्हा मी पंचविशीत होते. पणजीतल्या शाळेत नवी नोकरी, राहायला नदीच्या अलीकडे. बांधून उणीपुरी सोळा वर्षं झालेला पूल! त्यानंतर काही वर्षं आमचं आयुष्य फेरीबोटीच्या रांगेत गेलं. छत्री उलटी होणारा पाऊस, बोटीत खांद्याला खांदा, डब्यातल्या आमटीचा वास. उशिराचे शेरे मीसुद्धा खाल्लेत.

१९९२ साली नवा पूल सुरू झाला. तुला सांगते, पहिले काही दिवस बस पुलावर चढली की आतली बडबड बंद व्हायची. एरवी आख्ख्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात बोलणारी एक मासेवाली बाई माझ्या शेजारी बसायची. ती पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरायची आणि पाण्याकडे बघायचीच नाही. मी काय मोठी धीराची होते? मंगेशाचं नाव घेत घेत मधले खांब मोजायची. दोन-अडीच महिन्यांनी त्याच बसमध्ये, त्याच पुलावर, तीच बाई चार आण्यांवरून कंडक्टरशी कडाकडा भांडत होती. मी वह्या तपासत होते. पूल कधी संपला तेही कळलं नाही. मध्ये कुणी कुणाची समजूत काढली नव्हती. आम्ही पूल रोज ओलांडत होतो आणि पूल रोज उभा राहत होता, बस्स.

आता तुझं बघ. सकाळी तू पुलाकडे न जाता बेतीकडे वळतेस. वळताक्षणी छाती मोकळी होते की नाही? होतेच. त्या मोकळ्या होण्यातूनच तुझं मन रोज एक धडा गिरवतं: ‘फेरीने आले म्हणून वाचले’. पूल धोक्याचा नाही हे कळायची संधीच त्याला मिळत नाही. भीती टाळली की ती खूश होते आणि आणखी मागते. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. आधी पूल मागितला, मग लिफ्ट, आता बँकेची रांग. उद्या बेतीचा धक्काही मागेल. नदीत बोट बुडते हे सुचायला तिला किती वेळ लागणार!

फेरीतून उतरल्यावर जुन्या सचिवालयाजवळ आबे फारियाचा पुतळा रोज दिसत असेल. एक बाई मागे कोसळतेय आणि तो तिच्यावर हात पसरून उभा. मूळचा कांदोळीचा, जन्म १७५६चा, पुढे युरोपात संमोहनासाठी नावाजला. त्याची एक गोष्ट आपल्याकडे शाळेत जाणाऱ्या पोरालाही ठाऊक असते. लिस्बनला राणीसमोर प्रवचनाला उभा राहिला आणि त्याची दातखीळ बसली. खाली बसलेल्या बापाने कोकणीतून हळूच म्हटलं, ही सगळी भाजी, कातर रे भाजी! आणि पोरगा धडाधड बोलत सुटला. गोष्ट घडली की रचली, देव जाणे. बहुतेक जण ती ‘समोरच्यांना भाजी समजा’ एवढ्यासाठी सांगतात. मला त्यातलं दुसरंच आवडतं. बापाने पोराला ‘खाली उतर, बरं नसेल तर राहू दे’ असं म्हटलं नाही. भाजी कातरायची ती तिथेच, वर उभं राहून.

म्हणून तुलाही पुलावर जायचंय, पण उद्याच आणि स्कूटर घेऊन नव्हे. पुलावर गाडी मध्येच थांबवता येत नाही, हात कापत असताना हँडल धरणं बरं नाही. पहिल्यांदा रविवारी सकाळी लवकर, नवऱ्याच्या मागे बस. जायचं आणि यायचं, आणि एकदाच नाही, चार-पाच फेऱ्या. डोळे उघडे. कॅसिनोच्या बोटी बघ, वरून जाणारा अटल सेतू बघ. भीती दहापैकी किती, हे प्रत्येक फेरीनंतर वहीत मांड, हिशेबाचं काम करतेस तेव्हा हे तुला जमेल. पहिल्या फेरीला नऊ असेल. पाचवीला सहा झाले तरी खूप झालं. मेख एवढीच की भीती चढलेली असताना पळून यायचं नाही, ती थोडी तरी उतरू द्यायची आणि मग घरी. अर्ध्यात पळालीस तर आणखी एक बेती तयार होईल.

तो आकडा तीन-चारावर स्थिरावला की म्हापसा-पणजी कदंबची शटल, म्हणजे सरकारी थेट बस, एकटीने, दुपारच्या गर्दी नसलेल्या वेळी. मग गर्दीच्या वेळी. मग स्वतःची स्कूटर, पुन्हा रविवारपासून. कधी आकडा परत आठवर जाईल, बहुधा पावसात. त्याने आधीचं पुसलं जात नाही, ती पायरी पुन्हा चढायची. तोवर कचेरीला फेरीने जात राहिलीस तर माझी हरकत नाही, फक्त आठवड्यातला एकेक दिवस फेरीकडून काढून घेत जा. हे एखाद्या जाणत्या समुपदेशकाच्या देखरेखीखाली केलंस तर सोपं जाईल. त्यांच्या भाषेत ही सीबीटी, विचार आणि वागणूक दोन्हीकडून धरायची उपचारपद्धत, आणि पॅनिकवर तिचा गुण चांगला येतो.

आणि ते घड्याळ काढून कपाटात ठेव. ठोके ९० दिसले की तू घाबरणार, घाबरलीस की ११० होणार, मग त्या ११०ला घाबरणार. महिनाभर साधं काट्यांचं घाल.

‘पोचले’चा फोनही त्याच जातीचा. हे वाचून तुला राग येईल. नवऱ्याला आपण सुखरूप आहोत हे कळवण्यात वाईट काय? एरवी काहीच नाही. पण तू तो फोन त्याच्यासाठी करत नाहीस, ‘बरं झालं, पोचलीस ना’ हे ऐकण्यासाठी करतेस, आणि ते ऐकलं की आजचं पोचणं हा एक पराक्रम ठरतो. रोज कचेरीत पोचणं हा पराक्रम नसतो गो. आधी फोनच्या जागी मेसेज कर, मग एक दिवसाआड, मग राहूनच जाऊ दे.

गोळीचं नाव तू लिहिलं नाहीस. अर्ध्या तासात बरं वाटतं म्हणजे अल्प्राझोलाम किंवा तिच्याच गोत्रातली असावी. ती वाईट नाही, डॉक्टर थोड्या दिवसांसाठी देतातही. पण तिची सवय लागते, तिच्याने गुंगी येते आणि तू स्कूटर चालवतेस. शिवाय अर्ध्या तासात अटॅक आपला आपण ओसरलेला असतो, श्रेय गोळी घेऊन जाते. दुसऱ्याच्या आईची पट्टी परत कर. फक्त रोज घेत असशील आणि बरेच आठवडे झाले असतील तर एकदम तोडू नकोस, डॉक्टरना खरं सांगून हळूहळू उतरव.

डॉक्टर कदाचित दुसऱ्या प्रकारची गोळी देतील, एसिटालोप्राम किंवा सर्ट्रालीनसारखी. तिचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. उलट पहिल्या काही दिवसांत मळमळ होते, अस्वस्थताही थोडी वाढू शकते. आपली माणसं नेमकी चौथ्या दिवशी ‘ही मानवत नाही’ म्हणून ती बंद करतात. या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, पण त्याही आपल्या मनाने एकदम सोडायच्या नसतात. बरं वाटू लागल्यावरही काही महिने चालू ठेवाव्या लागतात.

सासूबाईंबद्दल तू जरा फणकाऱ्याने लिहिलंयस. मी स्वतः देवळात जाते आणि प्रसादाच्या पाकळीकडे डोळे लावून बसलेल्या बायकांमध्ये मीही बसलेली आहे. राखणदाराला नारळ-केळी दिल्याने तुझं काही बिघडलं नाही. सासूबाईंना तेवढाच इलाज ठाऊक होता आणि तो त्यांनी तुझ्यासाठी केला. बिघडतं ते तिथेच थांबल्याने. हवं तर त्यांना सांग, डॉक्टरकडे जाऊ का म्हणून पुन्हा प्रसाद लावा. उजवा पडला तर सगळे मिळून जा, डावा पडला तर तू एकटी जा.

राहिली बांबोळी. गावाच्या नावाचीच शिवी करून ठेवलीय आपण. कुणी जरा वेगळं वागलं की ‘याला बांबोळीला न्या’. महामार्गालगत तिथेच मेडिकल कॉलेज आहे, तिथे हाड मोडलेला माणूस पेढे वाटल्यासारखा सांगत जातो, आणि मानसोपचार संस्थेच्या फाटकात शिरणारा पदराने तोंड झाकतो. त्या ओपीडीत बसलेल्यांत झोप न येणारे असतात, दारू सोडायला आलेले असतात, बाळंतपणानंतर रडू न थांबणाऱ्या बायका असतात. तुझ्या ओळखीची बाई तिथे कामाला आहे ना? मग तिने हे सगळं तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त बघितलंय. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त राहणं हा रुग्णाचा हक्क आहे, ती बाई बोलली तर चूक तिची. तरीही पाय उचलत नसेल तर म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात मानसोपचाराच्या ओपीडीचा वार विचार, नाहीतर आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरपासून सुरुवात कर.

आरोग्य केंद्र म्हटल्यावर नाक मुरडू नकोस. गोव्यातच, पर्वरीच्या ‘संगाथ’ या संस्थेने, अशा केंद्रांमध्ये मानसोपचारतज्ज्ञ नसलेली, पण नीट शिकवून तयार केलेली साधी माणसं समुपदेशक म्हणून बसवली होती. सोबतीला केंद्राचे डॉक्टर, आणि लागेल तेव्हा तज्ज्ञ. नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांवरचा तो अभ्यास २०१०मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. सरकारी केंद्रांतले शंभरातले सुमारे ६६ रुग्ण सहा महिन्यांनी बरे झालेले होते, नेहमीच्या पद्धतीने चाललेल्या केंद्रांत सुमारे ४३. आपल्याच तालुक्यांतली, आपल्यासारखीच घाबरलेली माणसं होती ती.

एवढा भाग यजमानांना वाचायला दे: दादा, तुम्ही रोज फोन उचलता, रविवारी गाडी काढायलाही तयार व्हाल. पुलावर ती घट्ट धरेल तेव्हा ‘काही होत नाही, घाबरू नको’ म्हणू नका, आणि घाबरून वेगही वाढवू नका. ‘किती?’ एवढंच विचारा. ती म्हणेल आठ. तुम्ही म्हणा, बरं, आठ. आणि चालवत राहा. पलीकडे उतरून चहा-भजी खा, मग परतीची फेरी.

तिचा चहा मात्र दिवसात दोनच कप. उपाशीपोटी कडक चहाने अशीच धडधड होते, आणि हिशेबनीस मंडळी किती चहा पितात हे मला माहीत आहे.

बाय, शटलचं तिकीट बसमध्ये चढण्याआधी खिडकीवर काढावं लागतं, रांगेत पाच-दहा मिनिटं जातील, ती बँकेच्या रांगेची रंगीत तालीम समज. सहा आठवड्यांनी मला पत्र पाठव. वहीतले आकडे लिही, डॉक्टर काय म्हणाले ते लिही, त्या टिंबांच्या जागी काय होतं तेही लिही. ‘पोचले’ म्हणून मात्र कळवू नकोस.